बारा गुणांचे मास्तर

जून उजाडला की ठाण्यात वर्तकनगर नाक्यापासून उपवनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, म्हाडा वसाहतीतल्या इमारतींच्या फाटकांवर आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिकवण्यांच्या जाहिराती झळकू लागतात. गणित, विज्ञान, इंग्रजी ही नावे ठळक अक्षरांत. त्याखाली ‘एसएसटी’ (म्हणजे सामाजिक शास्त्रे) किंवा मोघम ‘सर्व विषय’. राज्यशास्त्राचे नाव वेगळे घातलेली पाटी शोधूनही सापडायची नाही. दहावीच्या घरात या विषयाची आठवण होते ती बहुधा सहामाहीचे पेपर हातात पडल्यावर. इतिहासात बरे गुण असतात, भूगोल ठीक असतो, राज्यशास्त्राच्या उत्तरांपुढे मात्र अर्धा-अर्धा गुण पडलेला असतो आणि पोरगे म्हणत असते, “मी तर सगळं लिहिलं होतं.” मग ‘कुणी राज्यशास्त्र शिकवतं का हो?’ अशी विचारणा सुरू होते. या विचारणेतच एक गफलत आहे. दहावीच्या राज्यशास्त्रासाठी शिकवणारा माणूस फारसा लागत नाही. लागतो तो लिहिलेले उत्तर वाचणारा, त्यातली फट दाखवणारा आणि ते पुन्हा लिहून घेणारा. ही दोन कामे एकाच माणसाकडे असतीलच असे नाही. वर्षाची फी भरण्याआधी हा फरक ध्यानात घेतला, तर पैसे वाचतात आणि गुणही.

आधी हिशेब मांडू. राज्य मंडळाची दहावी ६०० गुणांची. त्यात सामाजिक शास्त्रांना १०० : इतिहास व राज्यशास्त्राचा ४० गुणांचा एक पेपर, भूगोलाचा ४० गुणांचा दुसरा आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. पहिल्या पेपरातले २८ गुण इतिहासाला जातात, राज्यशास्त्राच्या वाट्याला उरतात १२. वेळ दोन तास. २०१८ साली आलेल्या बालभारतीच्या पुस्तकात राज्यशास्त्राची पाचच प्रकरणे आहेत : संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि भारतातील लोकशाहीसमोरील आव्हाने. सहाशेतल्या बारा गुणांसाठी माणूस शोधत फिरायचे का, हा पहिला आक्षेप इथेच येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. शिवाय टक्केवारी काढताना सहापैकी सर्वाधिक गुणांचे पाच विषय धरतात, तेव्हा सामाजिक शास्त्रे गळाली तरी काय बिघडले, असेही म्हणणारे आहेत. पण गळतो तो सगळ्यांत कमी गुणांचा विषय. ज्या मुलाचे गणित कच्चे आहे त्याचे गणित गळते आणि सामाजिक शास्त्रांचे शंभर गुण पुरते मोजले जातात. म्हणजे या बारा गुणांची खरी गरज ज्याला आहे, तोच बहुधा ‘गणिताचा क्लास आधी’ या न्यायाने त्यांच्याकडे दुर्लक्ष करत असतो. वर्षभराचा क्लास लावण्याइतका हा विषय मोठा नाही, हे मात्र कबूलच करायला हवे. पाच प्रकरणांसाठी दहा-बारा बैठका पुष्कळ झाल्या.

आता हे बारा गुण कशाचे असतात ते पाहू. योग्य पर्याय निवडण्याचे दोन. ‘चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ याचे चार. संकल्पना स्पष्ट करण्याचे दोन, सूचनेप्रमाणे कृती करण्याचे दोन आणि थोडक्यात उत्तराचे दोन. गोळाबेरीज अशी, की बारापैकी दहा गुण मुलाने स्वतः पेनाने लिहिलेल्या मजकुरावर अवलंबून आहेत आणि त्यातला सगळ्यांत मोठा वाटा कारण देण्याचा आहे. क्लासात दीड तास ऐकलेले व्याख्यान मुलाला माहिती देते. कारण कसे लिहायचे हे व्याख्यान ऐकून येत नाही. इतिहासाच्या २८ गुणांतही कारणे द्या, टिपा लिहा, सविस्तर उत्तरे आहेतच, पण तिथे प्रसंग, व्यक्ती, ग्रंथ अशी धरायला खुंटी असते. राज्यशास्त्रात मुलाला एक सर्वसाधारण विधान समोर ठेवून विचारतात, हे खरे का आणि कशावरून. पंधरा वर्षांच्या मुलाला ‘कशावरून’ हा प्रश्न घरात कुणी फारसा विचारलेला नसतो. (‘का’ विचारल्यावर काय होते, हे बहुतेक घरांत ठाऊकच आहे.)

एक उत्तर जवळून पाहिले की मुद्दा स्पष्ट होईल. समजा विधान आहे : ‘ठाणे महानगरपालिकेची निवडणूक भारताचा निवडणूक आयोग घेतो.’ मुलगा लिहितो : “चूक. कारण ही निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो.” उत्तर बरोबर आहे, पण कारण आलेलेच नाही, विधान फक्त दुरुस्त करून परत दिले आहे. दुसरी मुलगी पाऊण पान लिहिते : निवडणुका लोकशाहीचा पाया आहेत, त्या खुल्या आणि न्याय्य वातावरणात झाल्या पाहिजेत, निवडणूक आयोग स्वतंत्र असतो, आचारसंहिता लागू करतो. एकेक वाक्य खरे, आणि विचारलेल्या गोष्टीशी एकाचाही संबंध नाही. ‘मी सगळं लिहिलं होतं’ ते हेच. पुरेसे उत्तर तीन-चार वाक्यांत बसते : संविधानाच्या अनुच्छेद ३२४ नुसार भारताचा निवडणूक आयोग संसद, राज्य विधिमंडळे, राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका घेतो, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने पंचायती व नगरपालिकांसारख्या स्थानिक शासन संस्थांच्या निवडणुकांसाठी प्रत्येक राज्यात वेगळ्या आयोगाची तरतूद केली, महाराष्ट्रात असा आयोग १९९४ पासून आहे, महानगरपालिका ही स्थानिक शासन संस्था असल्याने तिची निवडणूक त्याच्याकडे येते, म्हणून विधान चूक. यातला कळीचा दुवा आहे ‘महानगरपालिका ही स्थानिक शासन संस्था असल्याने’ हा. पहिल्या मुलाने तो गृहीत धरला, दुसरीने त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. दोघांनाही धडा येतो. दोघांनाही पुन्हा शिकवून काडीचा उपयोग नाही. त्यांच्याशेजारी बसून ‘तुझ्या उत्तरातलं कारण कुठलं, त्याच्याखाली रेघ ओढ’ एवढे म्हणणारा कुणी मिळाला, तर पुढचे उत्तर बदलते.

हे नुसते मत नाही. शिकवणीवर जगभर जे संशोधन झाले आहे, त्याचा कल याच बाजूला आहे. १९८४ मध्ये अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी एकास-एक शिकवणीने मुलांची प्रगती वर्गातल्या मुलांच्या तुलनेत प्रचंड होते असा निष्कर्ष मांडला आणि शिकवण्यांची जाहिरात करणारे आजही तो आधाराला घेतात. पण ब्लूम यांच्या आधारभूत प्रयोगांत शिकवणीतल्या मुलांच्या सतत चाचण्या होत होत्या, चुका दुरुस्त करून घेतल्या जात होत्या आणि पुढच्या घटकाकडे जाण्यासाठी त्यांना इतर गटांपेक्षा वरची रेषा गाठावी लागत होती. फायदा झाला तो कितपत शिक्षकाच्या सांगण्याचा आणि कितपत या चाचणी-दुरुस्तीचा, हा प्रश्न उरतोच. कर्ट व्हॅनलेन यांनी २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मानवी शिकवणीचा परिणाम चांगला पण ब्लूम म्हणत होते त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांचा २००१ चा प्रयोग तर आणखी थेट आहे. त्यांनी शिकवणाऱ्यांना समजावून सांगायलाच बंदी घातली. मुलांना बोलते करायचे, ‘पुढे काय’, ‘म्हणजे काय’ एवढेच विचारायचे. मुले तरीही तितकीच शिकली. आपल्याकडे ‘सर समजावून फार छान सांगतात’ ही शिकवणीची सर्वोच्च पावती मानली जाते, तिच्याकडे या प्रयोगानंतर जरा सावधपणे पाहावे लागते.

पाठ करण्याच्या बाबतीतही असेच. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला, दुसऱ्या गटाला एकदा वाचून मग आठवून लिहायला लावले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आकडे उलटले : आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के भाग आठवला, नुसते वाचणाऱ्यांना ४२ टक्के. गंमत अशी, की याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगात आपल्याला पुढे जास्त आठवेल अशी खात्री पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होती. परीक्षेच्या आदल्या रात्री हायलायटर फिरवलेल्या नोट्स चाळताना जे समाधान मिळते, त्याचे मोल यावरून ठरवावे. राज्यशास्त्राची शिकवणी म्हणून मुलाला छापील नोट्सचा गठ्ठा मिळत असेल आणि त्याने लिहिलेला एकही कागद लाल शाईने परत येत नसेल, तर त्या शिकवणीने त्याला पुन्हा वाचायलाच लावलेले असते. फरक एवढाच की पुस्तकाऐवजी दुसरे काहीतरी.

मग तपासणारा माणूस मोठा पदवीधर हवा का? याचा एक पुरावा आपल्या शेजारचाच आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने पालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ उपक्रम चालवला. वस्तीतल्याच, माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुणी, तुटपुंजे मानधन, तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले वर्गाबाहेर नेऊन रोज दोन तास त्यांच्याच पातळीवरून वाचन आणि गणित घ्यायचे. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी मुंबई आणि वडोदऱ्यात या उपक्रमाची काटेकोर पाहणी केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार मुलांच्या गुणांत पहिल्या वर्षी ०.१४ आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ प्रमाण विचलन इतकी वाढ झाली. एवढ्या कमी खर्चातली ही वाढ शिक्षणसंशोधनात नाव घेण्याजोगी मानली जाते. तिसरीतले वाचन आणि दहावीतले राज्यशास्त्र यांत अंतर आहे, हे उघड आहे. बालसखीला संविधान विचारले असते तर तिची अडचण झाली असती. पण या प्रयोगाने एक गोष्ट दाखवली. मूल नेमके कुठे अडले आहे ते पाहून तिथून हात धरणाऱ्याला पदवी कमी असली तरी चालते. दहावीच्या राज्यशास्त्रात ज्ञानाची पातळीही मर्यादित आहे : पाच प्रकरणांचे पुस्तक नीट वाचलेला, मराठी किंवा इंग्रजी वाक्य सरळ लिहू शकणारा कुणीही सुजाण प्रौढ पुरेसा आहे.

यावर खासगी क्लासवाल्यांचे आणि अनेक पालकांचेही उत्तर ठरलेले असते : तत्त्व बरोबर, पण गाइड पाठ करून, अपेक्षित प्रश्नसंच घोटून मुलांना चांगले गुण मिळतातच ना? मिळतात. पुस्तकाच्या स्वाध्यायातली विधाने मोजकी आहेत, ती फिरून फिरून येतात आणि तयार कारण पाठ असेल तर मूल निभावून नेते. अगदीच शेवटच्या पंधरवड्यात जागे झालेल्या मुलाला हाच मार्ग सुचवावा लागेल, त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण हा मार्ग एका शब्दाने कोसळतो. ‘निवडणूक आयोग आचारसंहिता तयार करतो’ याचे कारण पाठ असलेल्या मुलासमोर ‘राज्यात निवडणुका किती टप्प्यांत घ्यायच्या हे राज्य सरकार ठरवते’ असे विधान आले, की आयोगाच्या प्रकरणातले पाठ केलेले सगळे परिच्छेद एकमेकांत मिसळतात. मतदानाचे वय १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने २१ वरून १८ वर आले, हे पाठ असते. त्याने लोकशाही व्यापक कशी झाली, हे विचारले की लेखणी अडखळते. शिवाय पाठांतराची जागाही मर्यादित असते, आणि दहावीच्या मुलाला ती विज्ञानाच्या व्याख्यांसाठी आणि संस्कृतच्या रूपांसाठीही लागते. एकदा कारण लिहायची रीत हाताला लागली, तर पाच प्रकरणांतला मजकूर फारसा घोकावा लागत नाही. पुढे अकरावी-बारावीत राज्यशास्त्र घेतले किंवा स्पर्धा परीक्षेकडे वळले तरी तीच रीत चालते.

ठाण्यात राज्यशास्त्र शिकवणाऱ्यापुढे आणखी एक कसोटी असते आणि ती फारच मजेदार आहे. पुस्तक सांगते की स्थानिक शासन संस्थांना ७४ व्या घटनादुरुस्तीने बळ दिले. १ जून १९९३ पासून लागू असलेल्या त्या दुरुस्तीनुसार पालिकेचा कार्यकाळ पाच वर्षांचा असतो आणि तो संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. पण ठाणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली, सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. कल्याण-डोंबिवलीत तर २०१५ च्या निवडणुकीनंतरची मुदत नोव्हेंबर २०२० मध्येच संपली होती. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांवरचे वाद न्यायालयात अडकले आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घ्या, असे सांगावे लागले. सहावीत ‘स्थानिक शासन’ शिकलेले मूल दहावीत पोचले तरी त्याच्या प्रभागात नगरसेवकच नव्हता. अशा मुलाने “पण आपल्याकडे तर इतकी वर्षं निवडणूक झालीच नव्हती” असे म्हटले, तर नोट्सवाला मास्तर “ते परीक्षेत येत नाही” म्हणून पुढे जाईल. चांगला तपासनीस तिथेच थांबेल, कारण तरतूद आणि अंमलबजावणी यांतला हा फरक म्हणजे ‘लोकशाहीसमोरील आव्हाने’ या पाचव्या प्रकरणाचा गाभा आहे. मुलाच्या तोंडून आयताच आलेला मुद्दा उत्तरात कुठे, किती आणि कोणत्या सुरात लिहायचा, हे सांगता यायला हवे. उत्तरपत्रिकेत एखाद्या पक्षाला किंवा आमदाराला झोडपून चालत नाही. तपासणाराही मतदारच असतो.

असा माणूस मिळायचा कुठे? सर्वांत आधी शाळेत. विषयशिक्षकाला पेपरचा आराखडा तोंडपाठ असतो, त्याने वर्षानुवर्षे उत्तरे तपासलेली असतात आणि जादा लिहिलेले एखादे उत्तर मधल्या सुट्टीत पाहून द्या, ही विनंती बहुतेक शिक्षक मोडत नाहीत. पैसे देऊन त्याच शिक्षकाला घरी बोलावण्याचा मोह मात्र टाळावा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घेण्यास मनाई केली आहे. साठ मुलांच्या वर्गात शिक्षकाला तेवढा वेळ नसेल, तर पुढचा दरवाजा स्पर्धा परीक्षांच्या मुलांचा. राज्यसेवेची तयारी करणारी मुले सहावीपासून दहावीपर्यंतची बालभारतीची पुस्तके पायाभूत वाचन म्हणून पुन्हा वाचतात. जो धडा वर्तकनगरमधल्या मुलीला कंटाळवाणा वाटतो, तोच पंचविशीतला तरुण अभ्यासिकेत टिपणे काढून वाचत असतो. ठाणे महापालिकेची चिंतामणराव देशमुख प्रशासकीय प्रशिक्षण संस्था अशा उमेदवारांसाठीच चालते, त्यामुळे शहरात त्यांची वाण नाही. त्यांना थोडे मानधन आणि उजळणी दोन्ही हवे असते. धोका एकच : त्यांना फार येते. मूलभूत संरचनेच्या सिद्धान्तावरचे अर्धा डझन खटले ते दोन गुणांच्या उत्तरात कोंबायला लावतील. त्यांना पहिल्याच दिवशी दहावीचा पेपर दाखवून उत्तराची लांबी ठरवून द्यावी. जोशी-बेडेकर महाविद्यालयात राज्यशास्त्र घेतलेली किंवा ठाणे महापालिका विधी महाविद्यालयात कायदा शिकणारी मुलेही योग्य. कल्याण-डोंबिवलीकरांना हीच माणसे बिर्ला आणि पेंढरकर महाविद्यालयांच्या आसपास भेटतील. इमारतीतल्या निवृत्त शिक्षिकेचा पर्याय सर्वांत स्वस्त आणि अनेकदा सर्वांत चांगला, फक्त त्यांचे पुस्तक २०१८ च्या आधीचे नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

मंडळ कोणते, हे विचारल्याशिवाय मात्र कुणालाच होकार देऊ नये. एकाच मजल्यावर राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयसीएसई अशी तिन्ही दहाव्या नांदतात. सीबीएसईत सामाजिक शास्त्रांचा लेखी पेपर ८० गुणांचा असतो, त्यातला राज्यशास्त्राचा वाटा २० गुणांचा आणि पुस्तक एनसीईआरटीचे. आयसीएसईत नागरिकशास्त्र इतिहासाच्या जोडीने येते आणि संसद, केंद्रीय कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था यांवर भर असतो. सत्तेची भागीदारी समजावून देण्यात वाकबगार असलेला सीबीएसईचा शिक्षक राज्य मंडळाच्या मुलाला चळवळींच्या प्रकरणात फारशी मदत करू शकणार नाही. माध्यमाचेही तसेच. इंग्रजी माध्यमातल्या मुलाला मराठीतून समजावलेले छान समजते, पण त्याचे उत्तर इंग्रजीतून वाचणारा हवा.

पैशाचे बोलायचे तर, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या शिक्षणविषयक पाहणीनुसार देशातली २७ टक्के मुले खासगी शिकवणी घेतात, शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आहे आणि शहरात दर विद्यार्थ्यामागे शिकवणीवर वर्षाला सरासरी ३,९८८ रुपये खर्च होतात. या सरासरीत शिकवणी न घेणारी मुलेही धरली आहेत, त्यामुळे ठाण्यातल्या ‘सर्व विषय’ पॅकेजचा आकडा पाहिलेल्या पालकाला ती हास्यास्पद वाटेल. पॅकेज घेतलेच असेल, तर त्यात सामाजिक शास्त्रांच्या किती उत्तरपत्रिका तपासून परत मिळणार, हे आधी विचारून घ्यावे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शिकवणी केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली : शिकवणारा किमान पदवीधर हवा, गुणांची किंवा क्रमांकाची हमी देणाऱ्या जाहिराती नकोत, मूल मध्येच बाहेर पडले तर उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये. तत्त्वे राज्यांनी अमलात आणायची आहेत आणि पन्नासपेक्षा जास्त मुले असलेल्या केंद्रांपुरती आहेत, त्यामुळे बैठ्या खोलीत पंधरा मुले बसवणाऱ्या काकूंना ती लागू होत नाहीत. सोळा वर्षांची अट शब्दशः पाळली तर दहावीचे कितीतरी वर्ग ओस पडतील, हेही तितकेच खरे. पण फी परत मिळण्याचा आणि हमी न देण्याचा मुद्दा कोणत्याही क्लासपुढे ठेवायला हरकत नाही. त्यावर मिळणारे उत्तर क्लासबद्दल बरेच सांगून जाते.

मोबाइलवर सगळे फुकट असताना माणूस कशाला, हा आजचा आक्षेप. समजावून सांगण्यापुरता तो पूर्णपणे मान्य. कुठलेही प्रकरण उघडा, यूट्यूबवर डझनभर व्हिडिओ आहेत आणि संवादी संगणक-साधने तर उत्तराचा कच्चा खर्डाही करून देतात. पण हा आक्षेप उलट मूळ म्हणण्यालाच बळ देतो. समजावणी इतकी स्वस्त झाली असेल, तर तिच्यासाठी फी कशाला द्यायची? संगणकाला लिहिलेले उत्तर दाखवून त्यातले कारण नेमके आहे का, असे विचारता येते आणि तेही करून पाहावे. अडचण अशी की तिथे उत्तर मागणे एका बोटाच्या अंतरावर असते आणि दहावीतल्या मुलाचे बोट तिकडेच जाते. समोर बसलेल्या ताईपुढे कागद रिकामा ठेवता येत नाही.

आई-बाबांनीच हे काम करावे का? शक्य असेल तर अवश्य, पण सकाळची आठ-काहीची लोकल पकडून रात्री साडेआठला घरी येणाऱ्यांना हे सांगणे म्हणजे सुखासीन माणसाचा सल्ला. ज्यांच्या घरात दहावीपर्यंत पोचलेले हे पहिलेच मूल आहे, त्यांना तर तो टोचेलही. त्यांच्यासाठी सोय चार मुलांनी मिळून एक तपासनीस ठरवण्याची आहे. आठवड्याला प्रत्येकाने दोन उत्तरे लिहायची, रविवारी एकमेकांची वाचायची आणि मग मोठ्या माणसाकडे द्यायची. दुसऱ्याच्या उत्तरातले हरवलेले कारण स्वतःच्या उत्तरातल्यापेक्षा लवकर दिसते. खर्च चौघांत वाटला जातो आणि फुकट तपासणाऱ्या निवृत्त शिक्षिकेवरही भार पडत नाही. वेळापत्रक दिवाळीनंतर सुरू करून पूर्वपरीक्षेआधी संपवावे. २०२५ मध्ये दहावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली होती, त्यामुळे ‘मार्चला अजून वेळ आहे’ या जुन्या हिशेबावर विसंबू नये.

माणूस निवडताना पालकाला विषय येत नसला तरी परीक्षा घेता येते. सहामाहीची तपासलेली उत्तरपत्रिका पुढे ठेवावी आणि ‘या उत्तराला दोनापैकी एक का मिळाला?’ एवढेच विचारावे. जो ताबडतोब प्रकरण शिकवायला लागतो, किंवा ‘माझ्या नोट्स वापरल्या तर हे होणार नाही’ म्हणतो, त्याला चहा देऊन निरोप द्यावा. जो आधी प्रश्न वाचतो, मग उत्तर वाचतो, मुलाला ‘इथे तुला काय म्हणायचं होतं?’ असे विचारतो आणि पुढच्या वेळी तेच उत्तर पुन्हा लिहून आणायला सांगतो, त्याच्याकडे एम.ए. नसले तरी चालेल. आणि एवढे करूनही बोर्डाच्या निकालात गुण अनपेक्षित कमी आले, तर मंडळाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवता येते. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली मान्य केला. तो कायदा दहावीच्या पहिल्याच प्रकरणात आहे, त्यावर प्रश्नही येतो, आणि त्याच्या उत्तरात हा खटला एका वाक्यात लिहिता आला तर कारण आपोआप पक्के होते.